दहा हजारपट उन्हात तापणारा ठोकळा

ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन जड भावंडे एकत्र येऊन त्यांच्यापासून हेलियम तयार होतो, तेव्हा प्रत्येक मीलनातून १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा मोकळी होते. मात्र ही क्रिया पृथ्वीवर घडवायची तर या वायूला सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या दसपट तापमानापर्यंत, न्यावे लागते. अणुसंमीलनावरील लेखन बहुतेक वेळा या आकड्यापाशी विस्मयाने थबकते आणि वाचकाची अशी समजूत होते की इतके तापमान सोसणारी भिंत शोधणे हाच या तंत्रज्ञानापुढचा पेच असावा. प्रत्यक्षात १५ कोटी अंश सोसणारा पदार्थ विश्वात कोठेच नाही आणि त्याची गरजही नाही. दिवाळीतल्या फुलबाजीची ठिणगी हजार अंशांहून तप्त असूनही हातावर पडली तर क्षणभर टोचण्यापलीकडे काही करत नाही, उलट शंभर अंशांचे पळीभर पाणी हात भाजून काढते; कारण इजा केवळ तापमानाने होत नसून किती उष्णता, किती जागेवर आणि किती वेळ येते यावर ती ठरते. संमीलनभट्टीतील प्लाझ्मा, म्हणजे ज्यातील इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटून मोकळे झाले आहेत असा विद्युतभारित वायू, त्या ठिणगीसारखाच विरळ असतो. फ्रान्सच्या दक्षिणेकडील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय भट्टीत ८३० घनमीटर जागा व्यापणाऱ्या प्लाझ्माचे एकूण वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरेल. अभियंत्यांना झोप लागू न देणारा आकडा तापमानाचा नाही, तो प्रत्येक चौरस मीटरवर पडणाऱ्या उष्णतेचा आहे.

हा आकडा समजून घेण्यासाठी भट्टीतील ऊर्जा कोणत्या वाटेने बाहेर पडते हे पाहावे लागते. टोकामॅक नावाच्या रचनेत प्लाझ्मा एका पोकळ कड्याच्या आकाराच्या निर्वात पात्रात चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने अधांतरी कोंडलेला असतो. ईटरमध्ये बाहेरून ५० मेगावॉट तापनशक्ती देऊन संमीलनातून ५०० मेगावॉट मिळवण्याचे उद्दिष्ट आहे. या ५०० पैकी चार पंचमांश, म्हणजे ४०० मेगावॉट, न्यूट्रॉनांच्या रूपाने बाहेर पडतात. त्यांना विद्युतभार नसल्याने चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवत नाही आणि ते पात्राच्या जाड आच्छादनात खोलवर शिरून आपली उष्णता सर्वत्र विखरून देतात. उरलेले १०० मेगावॉट हेलियमच्या केंद्रकांजवळ असतात, त्यांत बाहेरून दिलेले ५० मिळवले की १५० मेगावॉट प्लाझ्मातच राहतात आणि त्यांनाही शेवटी कोठेतरी बाहेर पडावेच लागते. यातील काही भाग प्रकाशाच्या आणि क्ष-किरणांच्या रूपाने भिंतीवर पसरतो, मात्र मोठा भाग भारित कणांबरोबर चुंबकीय क्षेत्ररेषांवरून घरंगळत प्लाझ्माच्या कडेला येतो आणि तेथून पात्राच्या तळाकडे वळवला जातो. तळाशी असलेल्या या भागाला ‘डायव्हर्टर’ म्हणतात. चुलीखालून राख ओढून काढावी तसा तो संमीलनातून उरलेला हेलियम बाहेर काढतो, आणि त्याच वेळी भट्टीची सर्वांत तीव्र धगही त्यालाच सोसावी लागते. क्षेत्ररेषांवरून वाहणाऱ्या या उष्णतेचा थर ईटरसारख्या यंत्रात जेमतेम काही मिलिमीटर रुंदीचा असेल असा अंदाज आहे. पात्राची भिंत शेकडो चौरस मीटरांची असली तरी भार येतो तो या अरुंद पट्ट्यावर.

म्हणूनच डायव्हर्टरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला १० मेगावॉट उष्णता सतत आणि काही सेकंदांपुरती २० मेगावॉट उष्णता येईल असे धरून त्याची रचना केलेली आहे. भर दुपारी पृथ्वीवर पडणारे ऊन दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट असते, त्याच्या दहा हजारपट ही उष्णता झाली. घरातील कपड्यांच्या इस्त्रीची हजार वॉटची सगळी ताकद अंगठ्याच्या नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर एकवटली आणि ती इस्त्री तेथून हललीच नाही, तर जे होईल ते या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर घडत असते. सूर्याच्या स्वतःच्या पृष्ठभागातून दर चौरस मीटरला सुमारे ६३ मेगावॉट बाहेर पडतात. म्हणजे डायव्हर्टरला त्याच्या एक षष्ठांश उष्णता घेऊन, न वितळता, न तडकता आणि प्लाझ्मा न नासवता वर्षानुवर्षे उभे राहायचे आहे.

या कामासाठी आज टंगस्टन या धातूची निवड झालेली आहे. जुन्या पिवळ्या विजेच्या दिव्यातील तापून उजळणारी तार याच धातूची असे, आणि ३४२२ अंशांवर वितळणारा हा धातू सर्व धातूंमध्ये सर्वांत उशिरा वितळतो. तरीही ही निवड सरळ झाली नाही. टंगस्टनचा अणू अतिशय जड, ७४ इलेक्ट्रॉनांचा. तो भिंतीवरून उडून प्लाझ्माच्या गाभ्यात गेला की तेथील तापमानातही त्याचे सगळे इलेक्ट्रॉन सुटत नाहीत आणि उरलेल्या इलेक्ट्रॉनांमार्फत तो प्लाझ्माची ऊर्जा क्ष-किरणांच्या रूपाने बाहेर फेकत राहतो. इंधनाच्या दर एक लाख अणूंमागे टंगस्टनचे मोजकेच अणू मिसळले तरी भट्टी विझू शकते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या एका टोकामॅकमध्ये टंगस्टन वापरला असता प्लाझ्माचा मध्यभागच थंड पडल्याचे दिसले आणि पुढे अनेक वर्षे संशोधक कर्बाकडे, म्हणजे ग्रॅफाइट आणि कर्बतंतूंच्या संयुक्त पदार्थांकडे, वळले. कर्ब वितळत नाही, हलका असल्याने प्लाझ्माला फारसा बाधत नाही आणि उष्णतेचे धक्के उत्तम सोसतो. त्याचा दोष वेगळ्याच ठिकाणी निघाला. झिजलेला कर्ब हायड्रोजनशी संयोग पावून थरांच्या रूपाने पात्रात जागोजागी साचतो आणि त्या थरांत ट्रिटियम अडकून बसतो. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, दुर्मिळ आहे आणि भट्टीच्या आत त्याचा साठा किती असावा यावर सुरक्षेचे कठोर बंधन आहे. कर्बाच्या भिंती ठेवल्या तर हे बंधन लवकरच मोडले जाईल हे इंग्लंडमधील कलम येथील ‘जेट’ यंत्रावरील ट्रिटियमच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. जर्मनीतील गार्चिंगच्या ‘ॲस्डेक्स अपग्रेड’ या यंत्राने दरम्यानच्या काळात आपल्या भिंती टप्प्याटप्प्याने टंगस्टनच्या करून, प्लाझ्माची कड नीट सांभाळली तर हा धातू वापरता येतो हे दाखवले, जेटनेही २०११ पर्यंत टंगस्टनचा डायव्हर्टर बसवून घेतला, आणि २०१३ साली ईटरने कर्ब पूर्णपणे सोडून पहिल्या दिवसापासून टंगस्टनचाच डायव्हर्टर वापरण्याचे ठरवले.

धातू ठरला तरी खरे अभियांत्रिकी कौशल्य त्याच्या जोडणीत आहे. ईटरच्या डायव्हर्टरचा मूळ घटक म्हणजे साधारण २८ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड असा टंगस्टनचा ठोकळा. त्याच्या मधोमध भोक, भोकात तांब्याच्या मिश्रधातूची नळी आणि नळीतून वेगाने वाहणारे पाणी. असे ठोकळे माळेत मणी ओवावेत तसे एकाच नळीवर एकापुढे एक बसवलेले असतात. वरच्या पृष्ठभागापासून नळीपर्यंत टंगस्टनची जाडी सहा ते आठ मिलिमीटर असते आणि एवढ्या अंतरात तापमान सातशे-आठशे अंशांनी उतरते. बोटाच्या पेराहूनही कमी अंतरात एक टोक लालभडक आणि दुसरे टोक पाण्याच्या शेजारी अशी ही अवस्था आहे. नळीसाठी तांबे घेतले जाते, कारण उष्णता वाहून नेण्यात त्याची बरोबरी करणारे धातू फार थोडे आहेत. मात्र शुद्ध तांबे मऊ पडते, म्हणून त्यात क्रोमियम आणि झिर्कोनियम अत्यल्प प्रमाणात मिसळून त्याला बळ दिले जाते.

आता या दोन धातूंचे स्वभाव पाहिले की अडचण ध्यानात येते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवून फुगवतो आणि निवताना ती आकसून लाकडाला घट्ट आवळते; पदार्थाच्या प्रसरणाचा हा उपयोग झाला. येथे तेच प्रसरण वैरी होऊन बसते. तापल्यावर तांबे टंगस्टनच्या साडेतीन-चार पट फुगते, त्यामुळे भट्टी पेटली की जोड ताणला जातो आणि विझली की उलट दिशेने ओढला जातो, आणि हे हजारो वेळा घडायचे असते. यावर उपाय म्हणून टंगस्टन आणि नळी यांच्यामध्ये शुद्ध, मऊ तांब्याचा सुमारे एक मिलिमीटरचा थर ठेवतात, जो दोघांमधील ओढाताण स्वतः वाकून-चेपून सोसतो. तापमानाचीही अशीच कोंडी आहे. टंगस्टन थंड असताना ठिसूळ असतो, काही शे अंशांच्या वर गेल्यावरच त्याला थोडा लवचीकपणा येतो. उलट साधारण १२०० ते १३०० अंशांच्या वर तो दीर्घकाळ राहिला तर त्याचे कण नव्याने मांडले जाऊन मोठे होतात, या पुनर्स्फटिकीकरणाने त्याची ताकद जाते आणि भेगा पडू लागतात. नळीचा मिश्रधातू तर ३५० अंशांच्या पुढे हळूहळू मऊ पडतो. म्हणजे एकाच लहानशा ठोकळ्यात वरच्या धातूला गरम राहणे मानवते, खालच्याला थंड राहणे भाग असते, आणि दोघांच्या सोयीची तापमानाची पट्टी चिंचोळी असते. वितळणबिंदू उंच असलेला धातू शोधला की काम झाले, ही समजूत या ठोकळ्यापाशी येऊन पूर्णपणे कोसळते.

टंगस्टनची घडणही या कथेत महत्त्वाची आहे. त्याला ओतीव कामासाठी वितळवणे व्यवहारात अवघड, म्हणून त्याची भुकटी दाबून, वितळणबिंदूच्या खालीच तापवून सांधतात आणि मग लाटून घट्ट करतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी हा ठिसूळ धातू तापत्या अवस्थेत ठोकून-ओढून त्याची तार काढण्याची पद्धत बसवली आणि त्यातूनच टिकाऊ विजेचे दिवे शक्य झाले. लाटल्याने धातूचे कण लाकडातील रेषांप्रमाणे एका दिशेत लांबतात, आणि भेगही त्या रेषांच्याच दिशेने धावते. म्हणून डायव्हर्टरचा ठोकळा कापताना ही कणरेषा पृष्ठभागाला समांतर न ठेवता पृष्ठभागाकडून नळीकडे जाईल अशी धरतात. तडा गेलाच तर तो उष्णतेच्या वाटेला समांतर जावा, तिला आडवा येऊन पापुद्रा सुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. सुताराला फळी कापताना जे भान ठेवावे लागते तेच येथे ठेवावे लागते.

नळीतील पाण्याचे कामही साधे नाही. तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब शिंपडले तर ते चट्‌कन आटत नाहीत, खाली तयार झालेल्या वाफेच्या गादीवर नाचत राहतात, हे प्रत्येक स्वयंपाकघरात पाहायला मिळते. नळीच्या आतील भिंतीवर अशी वाफेची अखंड गादी तयार झाली तर पाण्याचा धातूशी स्पर्श तुटतो, उष्णता वाहून जाणे थांबते आणि नळी क्षणार्धात वितळते. ज्या उष्णताप्रवाहाला हे घडते त्याला ‘क्रांतिक उष्णताप्रवाह’ म्हणतात. ते टाळण्यासाठी पाणी सुमारे ४० वातावरणांच्या दाबाखाली, सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने सोडले जाते आणि नळीच्या आत पीळ दिलेली धातूची पट्टी बसवून त्याला गरगर फिरवत नेले जाते, म्हणजे जड, थंड पाणी सतत बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाऊन वाफेचे बुडबुडे तेथून हटतात. एवढ्या अत्याधुनिक यंत्राचे आयुष्य अखेर एका पिळाच्या पट्टीवर अवलंबून असावे, यात अभियांत्रिकीचे खरे सौंदर्य आहे.

मोजमापाची काटेकोरी तर थक्क करणारी आहे. क्षेत्ररेषा ठोकळ्यांच्या पृष्ठभागाला जेमतेम तीन-एक अंशांच्या कोनातून घासत येतात, आणि या तिरकेपणामुळेच उष्णता जास्त जागेवर पसरते. मात्र शेजारच्या ठोकळ्यापेक्षा एखादा ठोकळा अर्ध्या मिलिमीटरने जरी वर आला, तरी त्याची उघडी पडलेली कड उष्णतेला समोरासमोर भिडते आणि तेथील भार जवळजवळ वीसपट होतो. २०१३ मध्ये जेट यंत्रात एक कड मुद्दाम उघडी ठेवून ती कशी वितळते याचा प्रयोग करण्यात आला. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक ठोकळ्याचा माथा सुमारे अर्धा मिलिमीटर तिरपा घासणे, म्हणजे कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे प्रत्येक ठोकळा आपल्या मागच्याची कड स्वतःच्या सावलीत घेतो. असे लाखांच्या घरातले ठोकळे ५४ पेट्यांमध्ये विभागलेले असतात, प्रत्येक पेटीचे वजन दहा टनांच्या आसपास असते, आणि किरणोत्सारामुळे माणूस आत जाऊ शकणार नसल्याने त्या दूरनियंत्रित यंत्रांनीच बसवाव्या-काढाव्या लागतील. आतील बाजूचे लक्ष्यफलक युरोप, बाहेरचे जपान आणि मधला घुमट रशिया बनवणार असून, नमुन्यांना १० मेगावॉटचे ५००० आणि २० मेगावॉटचे ३०० तापनफेरे इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली सोसून दाखवावे लागले. २० मेगावॉटखाली पृष्ठभाग २००० अंशांच्या घरात जातो. अशा चाचण्यांत काही ठोकळ्यांना खोल तडे गेले, तरी ते कणरेषेच्या दिशेनेच गेल्याने उष्णता वाहण्याचे काम चालू राहिले.

इतके करूनही सगळा भार ठोकळ्यावर टाकणे परवडणारे नाही, म्हणून डायव्हर्टरजवळ नायट्रोजन किंवा निऑनसारखा वायू थोडा सोडून प्लाझ्माची कड मुद्दाम निववली जाते. हा वायू ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने चहूकडे उधळतो आणि लक्ष्याजवळ येईपर्यंत प्लाझ्माचे तापमान काही इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत, म्हणजे काही दहा हजार अंशांपर्यंत, उतरते. प्लाझ्माच्या कडेला अधूनमधून होणारे उद्रेक आणि संपूर्ण प्लाझ्मा एकाएकी कोसळणे हे दोन धोके मात्र वेगळेच आहेत, कारण त्यांत ऊर्जा सेकंदाच्या हजाराव्या भागांत बाहेर पडते आणि पाण्यापर्यंत उष्णता पोहोचण्याआधीच पृष्ठभाग वितळू शकतो. त्यांवर धातूकडून उपाय नाही, ते होऊच न देणे एवढेच हाती आहे.

अलीकडच्या काळात या प्रयत्नांना आलेले यश ठोस आहे. कादाराश येथेच ईटरच्या शेजारी असलेल्या ‘वेस्ट’ या फ्रेंच यंत्राने, ज्याचा डायव्हर्टर पाण्याने थंड होणाऱ्या टंगस्टनच्या ठोकळ्यांचाच आहे, १२ फेब्रुवारी २०२५ रोजी प्लाझ्मा १३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून अधिक काळ, टिकवला. त्याच्या काही आठवडे आधी चीनच्या ‘ईस्ट’ यंत्राने १०६६ सेकंदांचा पल्ला गाठला होता. वेस्टमधील तापनशक्ती दोन मेगावॉटच होती, त्यामुळे हा ईटरचा भार नव्हे, तरी उष्णता आत येते त्याच गतीने बाहेर नेत राहण्याची ही रचना दीर्घकाळ चालते हे त्यातून सिद्ध झाले. ईटरने आपल्या उरलेल्या भिंतीसाठी आधी निवडलेला बेरिलियम हा विषारी धातू सोडून तेथेही टंगस्टन लावण्याचा निर्णय घेतला आहे आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकानुसार तेथील संशोधनकार्य २०३४ मध्ये सुरू व्हायचे आहे.

भारताचा या विषयाशी संबंध जुना आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवरील पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद मुंबईचे होमी भाभा यांच्याकडे होते, आणि पुढील दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याची रीत सापडेल असे भाकीत त्यांनी तेथे केले होते. ते खरे ठरले नाही, मात्र गुप्ततेत चाललेले हे संशोधन उघड्यावर येण्यास त्या भाषणाने चालना दिली. डिसेंबर २००५ मध्ये भारत ईटरमध्ये सहभागी झाला. या यंत्राला बाहेरून वेढणारे सुमारे २९ मीटर उंचीचे आणि ३८०० टनांच्या घरातले पोलादी निर्वात कवच, म्हणजे क्रायोस्टॅट, मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोच्या गुजरातमधील हाजिरा कारखान्यात भागाभागांनी तयार झाले. उष्णतेच्या दृष्टीने अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, यंत्रातील उष्णता अखेर वातावरणात सोडणारी शीतकरण व्यवस्थाही भारताच्याच वाट्याला आली आहे. टंगस्टनच्या ठोकळ्यातून निघालेली उष्णता आपला प्रवास भारताने पुरवलेल्या शीतन-मनोऱ्यांत संपवील. गांधीनगरजवळील भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत टंगस्टन आणि तांब्याचे ठोकळे जोडून उच्च उष्णताप्रवाहाखाली तपासण्याचे काम चालते.

न्यूट्रॉनांचा प्रश्न मात्र ईटरच्याही पुढचा आहे. संमीलनातून निघणारा न्यूट्रॉन १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा असतो. तो धातूतील अणूंना त्यांच्या जागेवरून उडवतो, काही अणूंचे रूपांतर करून त्यांत हेलियमचे बुडबुडे निर्माण करतो आणि टंगस्टनचेच हळूहळू ऱ्हेनियम व ऑस्मियम बनवत जातो, त्यामुळे धातू अधिक ठिसूळ होतो आणि उष्णता वाहण्याची त्याची शक्तीही घटते. ईटरमध्ये हा मार मर्यादित असेल, मात्र वीज निर्माण करणाऱ्या पुढील भट्ट्यांत प्रत्येक अणू आपल्या जागेवरून अनेक वेळा हलवला जाईल. आधाराच्या पोलादासाठी मोलिब्डेनम आणि नायोबियम काढून त्यांच्या जागी टंगस्टन व टँटलम घातलेली, किरणोत्सार लवकर ओसरणारी पोलादे युरोप, जपान आणि भारत यांनी विकसित केली आहेत. ठिसूळपणावर उपाय म्हणून टंगस्टनमध्येच टंगस्टनचे तंतू गुंफण्याचे, तसेच घन भिंतीऐवजी द्रवरूप कथिल किंवा लिथियमचा पृष्ठभाग ठेवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. हे सारे पदार्थ खऱ्या संमीलन-न्यूट्रॉनांच्या दीर्घ माऱ्याखाली तपासता येतील इतका प्रखर स्रोत जगात आज नाही. अणुभट्टीतील न्यूट्रॉन कमी ऊर्जेचे असल्याने ते हेलियम इतक्या प्रमाणात निर्माण करत नाहीत आणि त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष अर्धवट ठरतात. हीच उणीव भरून काढण्यासाठी स्पेनमधील ग्रानादा शहराजवळ एस्कूसार येथे ‘डोन्स’ नावाची सुविधा उभारली जात आहे, जेथे ४० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा ड्यूटेरॉनांचा झोत वाहत्या द्रवरूप लिथियमवर आदळवून संमीलनासारखे न्यूट्रॉन निर्माण केले जातील आणि त्यांच्या वाटेत काही घन सेंटिमीटरांचे धातूचे नमुने महिनोन्‌महिने ठेवले जातील.